तिकीट नसताना नॅशव्हिल: स्टॅन्ली कपची अंतिम फेरी, जून २०१७

अटलांटाहून नॅशव्हिल साधारण अडीचशे मैल. ३ जूनच्या शनिवारी सकाळी भाच्याला घेऊन निघालो तेव्हा हातात तिकीट नव्हतं. स्टॅन्ली कप म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा मानाचा चषक. त्याच्या अंतिम फेरीचा सामना नॅशव्हिलच्या टेनेसी राज्यात पहिल्यांदाच होत होता आणि तिकिटांचे भाव आपल्या आवाक्याबाहेर गेले होते. "मामा, आत नाही तर बाहेर उभं राहू," भाचा म्हणाला. तेच केलं.

त्या वर्षी नॅशव्हिलच्या प्रेडेटर्स संघानं काय केलं होतं हे ठाऊक असल्याशिवाय ती गर्दी कळणार नाही. प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, पोचलेल्या १६ संघांत गुणांच्या हिशेबानं हा सगळ्यात खालचा. पहिल्याच फेरीत गाठ पडली पश्चिम विभागातल्या अव्वल शिकागोशी. प्रत्येक फेरीत आधी चार सामने जिंकेल तो पुढं. मालिका चार सामन्यांत आटोपली, पण घरी गेला तो शिकागो! चारही सामने मिळून त्यांना गोल करता आले फक्त तीन. फिनलंडचा गोलरक्षक पेका रिने काही सुटूच देईना. मग सेंट लुईस आणि अनाहाइम, दोघांनाही ४-२ नं हरवलं. अंतिम फेरीत मात्र पिट्सबर्गला जाऊन पहिले दोन सामने गमावले, दुसऱ्यात तर रिनेला बाहेर बसवावं लागलं.

चॅटनूगा ओलांडलं की थोड्याच वेळात घड्याळ एक तास मागं जातं. जाताना हा तास फुकट मिळतो, येताना तो परत द्यावा लागतो; रात्रीच परतणार असाल तर गाडी चालवणारे दोघं असू द्या. पुढं माँटईगलचा घाट लागतो, तिथं ट्रक फार. सामन्याच्या दिवशी नॅशव्हिलच्या मुख्य रस्त्यावर, ब्रॉडवेवर, गाडी नेऊच नका. आम्ही कंबरलँड नदीच्या पूर्वेला गाडी लावून पादचारी पुलावरून चालत गेलो. आता तिकडं नव्या स्टेडियमचं काम आहे, तेव्हा जागेची चौकशी आधी करा.

पूल उतरून पुढं गेलो तर रस्ता प्रेडेटर्सच्या रंगानं पिवळाधमक. दोन्ही बाजूंच्या बारमधून गिटार, बाहेर मोठे पडदे, आणि अरीनापाशी पिट्सबर्गच्या रंगात रंगवलेली एक जुनी मोटार. लोक रांग लावून तिच्यावर घण घालत होते. एका आजीबाईंनी घाव घातला तेव्हा काचेचा बारीक चुरा माझ्या बुटांपर्यंत उडाला. मुलं बरोबर असतील तर तिथून चार हात लांब थांबा.

पहिला गोल पिट्सबर्गचा. रस्ता गप्प झाला. दुसऱ्या सत्रात रोमन योसीनं बरोबरी केली आणि ४२ सेकंदांत फ्रेडरिक गोड्रोचा गोल! हा गोड्रो इतका नवा की ड्रेसिंग रूममध्ये त्याला स्वतःचा कप्पाही नव्हता, खुर्ची टाकून बसायचा. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. मग हजारो लोक एका सुरात पिट्सबर्गच्या गोलरक्षकाला सांगायला लागले, सगळी चूक तुझीच! सामना ५-१ नं जिंकला. सोमवारचा चौथाही ४-१.

तुम्हाला आत जायला मिळालं तर जूनमध्येही जाकीट न्या, बाहेर घाम आणि आत बर्फाचा गारवा. लहान मुलांच्या कानांना काहीतरी लावा. आणि कॅटफिश! आनंदाच्या भरात बर्फावर तो मासा फेकायची इथली रीत आहे, पण तिचा मोह टाळा. पिट्सबर्गच्या पहिल्या सामन्यात तो फेकणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला होता, पुढं मागं घेतला तरी. इथलं झणझणीत तळलेलं हॉट चिकन मागवताना सगळ्यात सौम्य सांगा, आपल्या कोल्हापुरी तिखटाची सवय इथं कामी येत नाही. दुसऱ्या दिवशी वेळ काढून शहराबाहेरच्या श्री गणेश मंदिरात दर्शन घ्या, आम्ही घेतलं.

११ जूनचा सहावा सामना घरी टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच नॅशव्हिलच्या कोल्टन सिसन्सनं पक (हॉकीची रबरी चकती) जाळ्यात ढकलला, पण पंचाला तो दिसेनासा झाला होता आणि शिट्टी आधीच वाजली होती. गोल धरला नाही. शेवटची ९५ सेकंदं उरली असताना पॅट्रिक हॉर्नक्विस्टनं पिट्सबर्गसाठी गोल केला आणि चषक त्यांच्याकडं गेला. २००५ मध्ये ज्याला नॅशव्हिलनंच निवडलं होतं, तोच हॉर्नक्विस्ट. भाच्याचा फोन आला, पण दोघांपैकी कुणीच बराच वेळ काही बोललं नाही.