बडोदे: पुष्पबागेतले दार

बडोद्याला येणारे बहुतेक मराठी पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा, कीर्तिमंदिर आणि सयाजीबागेतले संग्रहालय पाहून, सेव-उसळ खाऊन परततात. दांडिया बाजारात आत्याकडे उतरलेलो मी मात्र या वेळी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेतील शिल्पे पाहायला आलो होतो. उन्हाळ्यात परीक्षेच्या सुमारास विद्यार्थ्यांची कामे इथे मांडली जातात. काळ्या घोड्यावरच्या सयाजीरावांना वळसा घालून पुष्पबागेच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा दहाही वाजले नव्हते. तरी ऊन टाळू भाजून काढत होते.

शिल्पविभागाच्या आवारात झाडाखाली संगमरवराचे अर्धवट फोडलेले ठोकळे पडलेले होते, प्लास्टरचे साचे भिंतीला टेकवलेले होते आणि सगळीकडे रेझिनचा उग्र वास भरून राहिला होता. त्या पसाऱ्यात एक दार उभे होते. कुठल्यातरी जुन्या घराचे, सागवानी, दोन फळ्यांचे, चौकटीसकट उचलून आणलेले. भोवती भिंत नाही, वर छप्पर नाही. उंबरठा एका बाजूने झिजलेला. कडी-कोयंडा मात्र दोन्ही बाजूंना, अगदी समान उंचीवर. चौकटीवर मुद्रांक कागदांच्या छायाप्रती चिकटवून वर व्हार्निश फिरवले होते. ते मला नको वाटले, कारण दाराने सांगितलेलेच ते पुन्हा सांगत होते.

काम करणाऱ्या विद्यार्थिनीने दोन वाक्यांत संदर्भ दिला: 'अशांत धारा'. गुजरातच्या १९९१च्या या कायद्यानुसार अशांत म्हणून घोषित झालेल्या भागात घर विकायचे किंवा हस्तांतरित करायचे, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीनंतर भीतीपोटी किंवा दबावाखाली घरे मातीमोल विकली जाऊ नयेत, हा त्याचा सांगितलेला हेतू. वस्त्यांमधले धार्मिक अंतर यामुळे पक्के होते, हा त्यावरचा आक्षेप. बडोद्यातले अनेक भाग या कायद्याखाली येतात. मी अलीकडची कडी काढली. पलीकडची काढायला चौकटीला वळसा घालून गेलो, तेवढ्यात मागून आलेल्या एका पोराने अलीकडची पुन्हा घातली. भिंत नसल्यामुळे आत-बाहेर असे काही नव्हतेच, तरीही आम्ही दोघे दाराच्या दोन बाजूंना अडकल्यासारखे उभे राहिलो. त्या एका क्षणात मला कायद्याच्या दोन्ही बाजू कळल्या, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

शेजारच्या दालनात फायबरग्लासच्या आवळलेल्या मुठी, साखळदंड आणि लाल रंग यांची रेलचेल होती. हेतू चांगला होता, पण तो फलकावरही मावला असता. घोषणा द्यायलाच काही क्विंटल माल ओतायचा असेल, तर कागद काय वाईट?

फायबरग्लासला या आवारात इतिहास आहे. १९८७ मध्ये फायबरग्लासमध्ये काम करणारे शिल्पकार के. पी. कृष्णकुमार आणि बहुतांशी केरळमधून आलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी, 'इंडियन रॅडिकल पेंटर्स अँड स्कल्प्टर्स असोसिएशन' या नावाने, 'क्वेश्चन्स अँड डायलॉग' हे प्रदर्शन इथेच भरवले आणि कलेच्या बाजारावर उघड टीका केली. १९८९ मध्ये कृष्णकुमार यांनी आत्महत्या केली आणि गट विस्कटला. इथेच शिकलेल्या एन. एन. रिमझोन यांचा मार्ग निराळा. त्यांच्या १९९२च्या 'द इनर व्हॉइस'मध्ये तीर्थंकरासारखा ताठ, नग्न पुरुष उभा आहे आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात तलवारी मांडलेल्या आहेत. तो लढत नाही, पळतही नाही. त्या तलवारी त्याला घेरून आहेत की त्याचे रक्षण करीत आहेत, हे शिल्पकार सांगत नाही. १९९८च्या 'स्पीकिंग स्टोन्स'मध्ये बसलेल्या माणसाभोवती दगड आहेत आणि त्या दगडांखाली हिंसाचाराची छायाचित्रे दाबलेली आहेत. ती पाहायची तर पाहणाऱ्याला वाकावे लागते. चित्रातल्या रक्तापेक्षा हे वाकणे मला मोलाचे वाटते. दारातली कडी त्याच घराण्यातली आहे.

समाजातल्या ताणावर काम करणाऱ्या या संस्थेलाही तो ताण चुकला नाही. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी लावलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामांवरून बाहेरच्या लोकांनी आवारात येऊन गोंधळ घातला, त्या विद्यार्थ्याला अटक झाली आणि निषेधार्थ विद्यार्थ्यांनी मांडलेले प्रदर्शन बंद करायला नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. परीक्षेच्या दालनात जे मांडले जाते, ते परीक्षकांसाठीच असते, असे आता इथे कोणी गृहीत धरीत नसावे.

रात्री जेवताना आत्याला दाराविषयी सांगितले. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "अरे, दोन्हीकडून कडी म्हणजे भाडेकरूचं दार. आमच्या माजघराला होतं की तसं. आपण घातली की ते रागवायचे, त्यांनी घातली की आपण." कायदा, दंगल, वस्ती यांपैकी काहीही तिने काढले नाही. दुसऱ्या दिवशी हे त्या विद्यार्थिनीला सांगितले, तेव्हा तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "मग छायाप्रती काढून टाकू का?" मी म्हणालो, काढच.