तुम्ही विचारलंत म्हणून: रांजणवाडी पुन्हा पुन्हा का येते?

ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून मी सत्तावीस वर्षे काम केले. चष्म्याचे नंबर काढणे, शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासणे, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून त्यांना शस्त्रक्रियेसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवणे, हा माझा दिनक्रम होता. तरी या सगळ्या काळात आणि निवृत्तीनंतरही, लग्नघरी, एसटीत, भाजी घेताना, मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न रांजणवाडीचा आहे. ‘मॅडम, एक बरी होते न होते तोच दुसरी डोके काढते. ही सारखी का येते?’ या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, आणि दिले तर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात पापणीच्या कडेपासून करावी लागते. डोळ्यावरच्या झाकणाला आपण पापणी म्हणतो आणि त्यावरच्या केसांनाही पापणीच म्हणतो. पण त्या झाकणाच्या टोकाला जी जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची कड असते, तिला रोजच्या बोलण्यात नावच नाही. कदाचित म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या कडेच्या पुढच्या अंगाला केस असतात, वरच्या पापणीला साधारण १०० ते १५० आणि खालच्या पापणीला त्याहून बरेच कमी, आणि त्यांच्या मुळांशी बारीक ग्रंथी असतात. मागच्या अंगाला, जिथे कड बुबुळाकडे टेकते तिथे, सुईच्या टोकाने टोचल्यासारख्या छिद्रांची एक रांग असते. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडे. हाइन्रिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव त्यांना मिळाले. वरच्या पापणीत अशा तीस-चाळीस आणि खालच्या पापणीत वीस-तीस ग्रंथी उभ्या ओळीने बसलेल्या असतात. डोळ्याची उघडझाप झाली की त्यांतून तेलाचा सूक्ष्म अंश बाहेर येतो, अश्रूंवर पसरतो आणि अश्रूंना वाळू देत नाही.

केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत जंतूंची लागण होऊन पू धरला की बाहेरून दिसणारी रांजणवाडी होते. तोच प्रकार मायबोमियन ग्रंथीत झाला तर ती आतल्या बाजूला होते, आणि ती अधिक ठणकते. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस जातीचे असतात, आणि ते कुठून तरी नव्याने येत नाहीत. निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही ते असतात. तेव्हा जंतू आले कुठून, यापेक्षा त्यांना आत शिरायला जागा कोणी दिली, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

ती जागा देतो तो बहुतेक वेळा कडेचा जुनाट दाह, ज्याला डॉक्टर ब्लेफरायटिस म्हणतात. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असणे, केसांच्या बुंध्याशी कोंड्यासारखे कण दिसणे, कडा लालसर असणे, खाज येणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, ही त्याची लक्षणे आहेत; अनेकांच्या डोक्यातही कोंडा असतो. थंडीत तूप थिजावे तसे या माणसांच्या ग्रंथींतले तेल घट्ट होते, तोंडे बुजतात आणि आत साचलेल्या तेलात जंतूंचे फावते. रुग्ण मात्र रांजणवाडी आली की येतो, थेंब आणि मलम घेऊन जातो, ती बसली की विसरतो. कड तशीच राहते आणि दोन महिन्यांनी शेजारच्या ग्रंथीची पाळी येते. सारखी येणारी रांजणवाडी हा बहुतेकांच्या बाबतीत एकाच न संपलेल्या आजाराचा पुढचा भाग असतो, हे मला सर्वांत आधी सांगायचे असते आणि गडबडीत तेच सांगायचे राहून जाते.

याला हातभार लावणाऱ्या सवयी आहेत. काजळाची रेघ जिथे ओढली जाते, ती आतली कड म्हणजे नेमकी या ग्रंथींच्या तोंडांचीच जागा. काजळ घालूच नये, असे मी कोणाला सांगितले नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. परंतु रांजणवाडी सारखी येत असेल तर निदान काही महिने आतल्या कडेला काही लावू नये, रात्री डोळे धुतल्याशिवाय झोपू नये आणि काजळाची कांडी दोघींनी वापरू नये, एवढे मी आग्रहाने सांगते. लहान मुले मातीचे हात डोळ्यांना लावतात. डोळे सारखे चोळणाऱ्या मुलाला ॲलर्जी आहे का, चष्म्याचा नंबर आहे का, हे तपासून घ्यावे. मोठ्या माणसाला वर्षातून तीन-चार वेळा त्रास होत असेल तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. आपल्याला मधुमेह आहे हे रांजणवाडीच्या निमित्ताने कळलेली माणसे मी पाहिली आहेत.

उपचार साधा आहे, पण तो चिकाटीने करावा लागतो. मनगटावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ सुती फडके बुडवून पिळावे आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवावे. ते मिनिटा-दोन मिनिटांत निवते, म्हणून पुन्हा बुडवावे आणि असे पाच ते दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा करावे. थिजलेले तेल पातळ होऊन वाट मोकळी होणे हा शेकाचा उद्देश आहे, त्यामुळे घाईघाईने एकदा टेकवलेल्या फडक्याने काही साधत नाही. ठणका नसलेल्या दिवसांत शेकानंतर वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर असे बोट हलकेच फिरवावे, आणि लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब उकळून निवलेल्या पाण्यात मिसळून, कापसाच्या काडीने केसांचे बुंधे पुसून घ्यावेत. रांजणवाडी बरी झाल्यावरही हे चालू ठेवायचे असते. पिकलेली रांजणवाडी मात्र कधीही पिळू नये. सूज सगळ्या पापणीवर पसरली, ताप आला, बुबुळ हलवताना दुखू लागले किंवा अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

घरोघरी चिंचोका किंवा लवंग उगाळून लावतात. माझ्या आजीनेही मला चिंचोका लावला होता आणि रांजणवाडी बसली होती. परंतु ती आठवड्याभरात आपणहूनही बसतेच, आणि सहाणेवरचा खरखरीत लेप कडेवरून डोळ्यात उतरल्याने बुबुळावर चरे पडलेले रुग्ण माझ्यासमोर आले आहेत. तळहातावर बोट घासून ते पापणीवर टेकवण्याची जुनी रीत त्या मानाने बरी, कारण तिच्यात ऊब तरी आहे, फक्त हात धुतलेले हवेत.

रांजणवाडी आणि पापणीतली न दुखणारी गाठ यांत लोक नेहमी गफलत करतात. तिला कलाझिऑन म्हणतात. ग्रंथीचे तोंड बुजून तेल आतल्या आत झिरपते आणि शरीर त्याभोवती गाठ बांधते. तिच्यात जंतूंचा संसर्ग नसतो, म्हणून प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी ती विरघळत नाही. शेकाने काही आठवड्यांत अनेकदा जिरते, नाही तर आतल्या बाजूने लहानसा छेद घेऊन काढतात. गाठ मोठी असेल तर तिच्या दाबाने बुबुळाचा आकार किंचित बदलतो आणि नजर धूसर होते, हे मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

या प्रश्नापाठोपाठ आणखी दोन-तीन प्रश्न येतातच. पापणी लवते त्याला शुभाशुभाशी काही देणेघेणे नाही. जागरण, ताण आणि अति चहा-कॉफी कमी केली की ते बहुधा थांबते. पापणी खाली ढळलेली असेल तर त्याची दखल घ्यावी: बाळाची ढळलेली पापणी बाहुली झाकत असेल तर त्या डोळ्याची नजर कायमची मंदावू शकते, आणि मोठ्यांमध्ये पापणी संध्याकाळी अधिक ढळत असेल तर स्नायूंच्या आजाराची तपासणी करावी लागते. केस आत वळून बुबुळाला टोचत असतील तर चिमट्याने उपटून काही आठवडेच बरे वाटते, कारण ते पुन्हा उगवतात, आणि उगवतानाचे आखूड टोक अधिक बोचते. एके काळी उत्तर भारतात, गुजरात आणि राजस्थानात खुपऱ्यांमुळे, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गामुळे, असे केस वळून कित्येकांची दृष्टी गेली. भारताने खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन केल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली. माझ्याकडे येणाऱ्या आजींच्या पापण्या मात्र बहुतेक वयामुळे सैल होऊन आत वळलेल्या असत, आणि कनवटीला चिमटा बाळगणाऱ्या त्या बायकांना छोट्या शस्त्रक्रियेसाठी राजी करायला मला वर्ष वर्ष लागत असे.

आता जे सांगायचे आहे ते मला सोपे जात नाही. माझ्या थोरल्या आत्याला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी उजव्या वरच्या पापणीत गाठ आली. दुखत नव्हती. मी कलाझिऑन समजून शेकायला सांगितले. ती बसेना, तेव्हा तिने शहरात जाऊन ती काढून घेतली. काढलेला भाग तपासायला पाठवला गेला नाही. पाच महिन्यांनी गाठ त्याच जागी पुन्हा आली आणि मी पुन्हा शेकायलाच सांगितले. दिवाळीत ती आमच्याकडे आली असताना तिच्या पापणीवर त्या गाठीपुरते केस गळून गेलेले मला दिसले, आणि घरात पाहुणे असल्याने मी ते मनावर घेतले नाही. पुढे संक्रांतीनंतर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. तो सेबेशियस कार्सिनोमा निघाला, म्हणजे याच तेलग्रंथींचा कर्करोग. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल कार्सिनोमा बहुसंख्य असतो. आपल्याकडे सेबेशियस कार्सिनोमाचे प्रमाण तिकडच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि तो साठीच्या पुढे-मागे, वरच्या पापणीत, साध्या गाठीचे किंवा न हटणाऱ्या दाहाचे रूप घेऊन येतो. हे मी प्रशिक्षणात शिकले होते.

मुंबईत तिची शस्त्रक्रिया झाली, अर्धी पापणी काढून नवी घडवावी लागली, गळ्यातल्या गाठींपर्यंत आजार पोचलेला नव्हता. त्यानंतर ती अकरा वर्षे जगली आणि तिने मला कधी बोल लावला नाही. त्या संक्रांतीपासून माझ्या टेबलावर मोठ्या भिंगाची बॅटरी कायम राहिली, आणि चाळिशीपुढच्या कोणीही हा प्रश्न विचारला की मी उत्तर द्यायच्या आधी त्याला बसवून विचारते, की गाठ दर वेळी त्याच जागी येते का, आणि मग पापणी उचलून तिथले केस पाहते.