पंधरा पायऱ्या खाली

अमेरिकेला गेले होते भाचीच्या पदवीदानासाठी. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही झाला. फोटो घरच्या ग्रुपवर आहेत. मला लिहायचंय ते न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या एका तळघराबद्दल, व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या जॅझ क्लबबद्दल.

माझ्या मामाने १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात, पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात, सनी रोलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला आणि त्या रात्रीपासून तो जॅझचाच झाला. बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची कॅसेट मला त्यानेच दिली. २५ जून १९६१, रविवार, ठिकाण व्हिलेज व्हॅनगार्ड. दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन, अशा पाच बैठका त्या दिवशी ध्वनिमुद्रित झाल्या. पियानोवर एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशियन आणि डबल बासवर, म्हणजे माणसाएवढ्या उंच, खर्ज सुराच्या तंतुवाद्यावर, पंचवीस वर्षांचा स्कॉट लफारो. बासवाल्याने मागे उभं राहून लय धरून ठेवायची, अशी तेव्हाची साधारण रीत. लफारो पियानोला उत्तरं देतो, त्याला मध्येच अडवतो, कधी त्याच्या पुढे निघून जातो आणि एव्हान्स आनंदाने त्याच्या मागून जातो. पहिल्यांदा ऐकताना मला सवाल-जवाबच आठवले होते.

त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्सने कित्येक महिने पियानो जवळजवळ सोडलाच. त्या ध्वनिमुद्रणातून पहिली तबकडी निघाली ती लफारोचा बास उठून दिसेल अशा बेताने निवडलेली. सुरुवातीची रचनाही त्याची आणि शेवटचीही त्याचीच.

आणि त्या तबकडीत लोक बोलतात! बास एकटा वाजत असतो, बोटं तारेवरून सरकल्याचं ऐकू येतं, आणि मागे ग्लास किणकिणतात, कुणीतरी हसतं. अकरा दिवस उरलेला माणूस समोर वाजवतोय आणि यांच्या गप्पा संपत नाहीत. त्या हसणाऱ्या माणसांचा मला तीस वर्षं राग होता. अगदी खरा, मनापासूनचा राग.

ताई न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. तिला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. दिवसभर ऑफिस करून ती फक्त माझ्यासाठी आली. पेन स्टेशनपर्यंत गाडीने, तिथून सबवेने चौदाव्या रस्त्याला, पुढे पायी. लाल छत, अरुंद दार आणि खाली उतरणाऱ्या पंधरा पायऱ्या. मी मोजल्या. मॅक्स गॉर्डनने १९३५ साली सुरू केलेली ही जागा. रोलिन्सने १९५७ साली इथेच वाजवलं, दुसरा मोठा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, त्याने १९६१ च्या नोव्हेंबरात. सगळे याच पायऱ्यांवरून वाद्यं सांभाळत उतरले असणार. त्या बासचं धूड त्या जिन्यावरून कसं आणत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

खोली लहान, स्टेजकडे निमुळती होत जाणारी. सव्वाशेच्या आत माणसं. तिकीट चाळीस डॉलर, वर एक पेय घ्यावंच लागतं. टेबलं हातभर लांबी-रुंदीचीसुद्धा नाहीत, गुडघे शेजाऱ्याला लागतात. एरवी अशी दाटी मला सोसत नाही. मुंबईत मी कडेची खुर्ची मिळाली नाही तर अस्वस्थ होते. इथे मात्र वाटलं, बैठक म्हणतात ती हीच. पियानोवादकाच्या मनगटावरची शीर दिसत होती. मोशियन म्हातारपणी याच खोलीत वाजवत राहिला, हे मला ठाऊक होतं. ड्रम्सकडे बघताना घसा दाटून आला.

त्या रात्री एक तरुण त्रिकूट होतं. फोन बंद, दिवे मंद. एखाद्याचं एकल वादन संपलं की लोक टाळ्या देत. आपली दाद जागेवर जाते, सम आली की तोंडातून निघतेच. माझ्या तोंडून हळूच ‘क्या बात है’ निघालं, तर शेजारचे आजोबा वळून प्रसन्न हसले.

मग बास सुरू झाला. पियानो थांबला, ड्रम्सवर फक्त ब्रशची घासणी. बासवाल्या मुलाच्या उजव्या तर्जनीला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. तो खालच्या सुरावर रेंगाळला, आणि तेवढ्यात जमिनीखालून सबवेची घरघर आली. त्याने ती जाऊ दिली. मग पुढचा सूर.

आणि ताई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “अगं, परतीची गाडी कितीची आहे?”

मी म्हणाले, “दहा चाळीसची.”

बास चालू होता. मी उत्तर दिलं होतं. माझ्या ग्लासातला बर्फ तेव्हाच किणकिणला.

क्षणभर मला काही ऐकूच आलं नाही. पेनवर पळत जाऊन गाडी पकडायची, सकाळी उठून ताईला कामावर जायचं, हे सगळं त्या खोलीत होतं, बासच्या सुरांबरोबर. त्या रविवारीही असणार. कुणी कुणाला सोबत म्हणून आलेलं, कुणाची आई आजारी असेल, कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलेलं. समोरचा मुलगा पुढच्या महिन्यातही वाजवेल, असंच सगळे धरून चालले असणार. मी ताईचा हात धरला. तिला वाटलं, मला उशिराची काळजी वाटतेय. “पोचू गं,” ती म्हणाली.

पोचलो. गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, “त्या मोठ्या वाद्यवाल्या पोराचं बोट दुखत असेल ना गं? सारखी पट्टी नीट करत होता.” मला वाटलं होतं, तिचं लक्षच नव्हतं.

मी फोनवर ते जुनं ध्वनिमुद्रण लावलं. एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या. नूअर्क गेलं. लफारोचा बास आला, मागे ग्लास वाजले, कुणीतरी हसलं.

ताईने डोळे उघडले. “कोण असेल गं?”

“थांब,” म्हणत मी गाणं मागे घेतलं, आणि आम्ही ते हसणं पुन्हा ऐकलं.