ब्युलीतली हायलक्स आणि उद्यमनगरातले मामा

साउथॅम्प्टनहून ब्युलीला जायला न्यू फॉरेस्टमधनं रस्ता आहे, तिथं घोडी मोकळी सोडलेली असतात आणि ती बिनधास्त रस्त्याच्या मधोमध उभी राहतात, मागं गाड्यांची रांग लागते पण हॉर्न कोणीच वाजवत नाही. मला एकदम कोल्हापुरातल्या गंगावेशीतली सकाळ आठवली, म्हशी आणि दूध कट्टा. 2021 च्या सप्टेंबरात मी इकडं इंग्लंडला आलो आणि पुढच्या मे महिन्यात पहिल्यांदा लांब कुठं फिरायला बाहेर पडलो ते ब्युलीलाच, कारण तिथल्या मोटर म्युझियममध्ये टॉप गिअर या गाड्यांवरच्या टीव्ही प्रोग्राममधल्या गाड्या ठेवल्या होत्या आणि त्यात ती लाल हायलक्स होती, टोयोटाची पिकअप.

परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टॉप गिअरचा विषय निघाला आणि रात्री दोनपर्यंत मेसेज चालले होते, म्हणून हे लिहायला बसलो. बीबीसीचा हा प्रोग्राम 1977 ला सुरू झाला, पण आमच्यासाठी टॉप गिअर म्हणजे 2002 नंतरचाच, त्यातले अँकर क्लार्कसन, हॅमंड आणि दुसऱ्या सीझनपासून आलेले जेम्स मे. केबलवर कधीतरी लागायचं, पण खरं आम्ही बघितलं ते पेनड्राइव्हवरनं. एकाकडं एपिसोड आले की चार दिवसात अख्ख्या हॉस्टेलभर फिरायचे. बोत्सवानात हॅमंडनं 1963 च्या ओपेल कॅडेटचं नाव ऑलिव्हर ठेवलं आणि शेवटपर्यंत तिला सोडलं नाही, ते बघून आमच्यातल्या एकानं आपल्या जुन्या बजाज एम-एटीला (M80) नाव ठेवलं होतं, अजून ती गाडी त्याच्या दारात आहे. 2011 च्या डिसेंबरातला इंडिया स्पेशल मात्र मला खटकला, जॅग्वारला संडास लावून देशभर फिरायचं हे काय बरं वाटलं नाही, आणि तेव्हा आपल्या हायकमिशननं तक्रार केली होती ती बरोबरच होती असं मला आजही वाटतं. तरी हिमालयातले रस्ते बघताना टीव्हीसमोरनं उठवत नव्हतं हे पण तितकंच खरं.

पण हायलक्सचा एपिसोड वेगळा. तो मी मामांच्या गॅरेजमध्ये बघितला, उद्यमनगरात, लॅपटॉप ऑइलच्या डब्यावर ठेवून. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू होती, आवाज नीट येत नव्हता, आणि मामांना तसंही इंग्लिश कळत नाही. 1988 चं मॉडेल, डिझेल, हजार पौंडाला घेतलेली, 1 लाख 90 हजार मैल पळालेली म्हणजे आपल्याकडं 3 लाख किलोमीटरच्या वर. तिला पायऱ्यांवरनं उतरवली, झाडावर घातली, समुद्रकिनारी बांधून ठेवली तर भरतीत वाहून गेली, वरनं कॅरॅव्हॅन टाकली, पेटवून दिली. आणि शेवटी सुमारे 240 फूट उंच बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवून अख्खी बिल्डिंगच पाडली. अट एकच, नवीन पार्ट घालायचा नाही, साध्या पान्यांनी चालू करायची. आणि चालू झाली.

मी टाळ्या वाजवल्या. मामा गप्प. मग म्हणाले, "मागं घे. समुद्रातनं काढल्यावर काय केलं ते दाखव."

त्याचं कारण मला कळलं 2019 च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला शिरलं, आणि पाणी उतरल्यावर मामांच्या गॅरेजपुढं चिखलानं भरलेल्या गाड्यांची रांग लागली. मामा प्रत्येकाला एकच सांगायचे, सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला तर पाणी काय दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोजल काढायचे, मग इंजिन फिरवायचं, पाणी पिचकारीसारखं बाहेर उडतं. मग ऑइल बदलायचं, डिझेलच्या लाइनमधली एअर काढायची. डिझेलला स्पार्क लागत नाही, हवा दाबून तापली की डिझेल आपोआप पेटतं, म्हणून जुनं डिझेल इंजिन बुडालं तरी परत उठतं. त्या पंधरा दिवसात मामा घरी फक्त झोपायला येत होते. पहिला धूर निघाला की गॅरेजमधली सगळी पोरं ओरडायची, आणि मामा पुढच्या गाडीकडं वळायचे.

तर ब्युली. हायलक्स समोर आली आणि माझ्या अंगावर काटा आला. फोटोत दिसते त्यापेक्षा खराब हालत आहे तिची, हौदा चेपलेला, पत्रा जळून गंजलेला. टॉप गिअर पुढं बंद पडलं, डन्सफोल्डच्या ट्रॅकवर 2022 च्या डिसेंबरात नंतरचा अँकर फ्लिंटॉफ याचा मोठा अपघात झाला आणि 2023 ला बीबीसीनं प्रोग्राम थांबवला, 2024 ला क्लार्कसन, हॅमंड आणि मे यांचा नंतरचा प्रोग्राम ग्रँड टूरही संपला. आमच्या ग्रुपवर सगळे हळहळले, मी पण. पण त्या दिवशी तिच्यापुढं उभं राहून मला प्रोग्रामपेक्षा उद्यमनगरच जास्त आठवत होतं, लेथचा आवाज, डिझेलचा वास आणि तो ऑइलचा डबा.

मामांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात संध्याकाळ होती, गॅरेज बंद करत होते. मी गाडीभोवती फोन फिरवला, त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "खालनं दाखव. चॅसी दाखव." मी गुडघ्यावर बसून जमेल तेवढं दाखवलं. खूप वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाले, "गाडी बघितली रे. ती चालू केलेल्या मिस्त्रीचं नाव कुठं लिहिलंय का बघ की."

मी उठून परत बोर्डाजवळ गेलो.