तुम्ही विचारलंत म्हणून : ड्रमच्या तळाशी काय भरायचं?

गच्चीवरची वांगी बघायला येणारे जळगावातले ओळखीचे लोक जाताना हमखास विचारतात, "ताई, एवढा मोठा ड्रम सगळा मातीनंच भरला का? खाली थर्माकोल टाकला तर चालेल ना?" जिना उतरता उतरता सांगण्याइतकं ते सोपं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं. 200 लिटरचा ड्रम मधोमध कापला की एका अर्ध्यात सुमारे 100 लिटर माती बसते. आपली काळी माती भिजली की लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे जेमतेम पाव चौरस मीटर जागेवर पावणेदोनशे किलो. वावरायच्या सपाट गच्चीसाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरतात. म्हणून तळ हलक्या वस्तूनं भरायचा विचार रास्तच आहे. तरीही ड्रम गच्चीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या रेषेत ठेवा, आणि स्लॅब जुना असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

आता थर्माकोल. त्यातलं विष थेट वांग्यात उतरतं, असं मी म्हणणार नाही. पण तो ज्या स्टायरीनपासून बनतो, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2018 मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. शिवाय मुळं त्यात घुसतात, त्याचे मणी सुटतात आणि मातीत कालवले जातात. ते परत वेचणं अशक्य. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे : थर्माकोल पाण्याचा थेंबही धरत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा अर्धीच माती असलेला ड्रम दुपारपर्यंत सुकतो. पुण्या-नाशिकच्या गच्चीवर जे निभावतं, ते इथे निभावत नाही. खानदेशात तळाचं भरण हलकं तर हवंच, पण पाणी पिणारंही हवं.

आणि असं भरण आपल्याकडे ढिगानं आहे. घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर पडलेली असतात. ताजं खोड मात्र भरू नका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे वजन कमी करायचा हेतूच बुडतो. उभं चिरून, सोपटं म्हणजे खोडाचे थर सुटे करून उन्हात कडक वाळवा आणि मग वीतभर तुकडे करा. ती पाणी धरतात, कुजताना पालाश (पोटॅश) देतात, आणि गांडुळं तर तिथेच मुक्काम ठोकतात. सोपटांच्या खाली कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेल्या काड्या, मोडून टाकाव्यात. त्या सावकाश कुजतात, त्यामुळे तळ एकदम बसत नाही. पण पऱ्हाटीवर राहिलेली किडकी बोंडं आधी तोडून जाळा, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून असते. ज्या शेतात शेवटपर्यंत फवारणी चालली, तिथल्या पऱ्हाट्या मी भाजीच्या ड्रमात घालत नाही. एवढं वाळकं कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, म्हणून प्रत्येक थरावर शेणखत पसरायचं.

भुईमुगाची टरफलं, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवरची वाळवलेली चिपाडं हेही चालतं. चिपाडं ओली टाकली तर मुंग्या लागतात.

स्लॅबची फारच काळजी असेल, तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बुच घट्ट लावून तळाशी ठेवा, त्यावर जुनी सुती साडी आणि मग माती. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतलेली असली तरी नको. पीव्हीसी पाइपचे तुकडे, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड नको. दीपनगरच्या वीज केंद्रातून निघते तशी दगडी कोळशाची राखही नको, तसल्या राखेत बोरॉन आणि आर्सेनिक असतं. आणि ड्रम विकत घेताना त्यात आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तळाशी खडी टाकली की निचरा सुधारतो, हा समजही सोडा. वरची बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. त्यापेक्षा तळाला भोकं नीट पाडा.

भरण किती, ते पिकावर ठरवा. मेथी, कोथिंबिरीला वर अर्धा-पाऊण फूट माती पुरते, तिथे खाली निम्मा ड्रम भरणाचा चालेल. टोमॅटोला फूटभर तरी द्या. भरताच्या वांग्याला त्याहूनही जास्त, कारण ते झाड महिनोन्महिने उभं राहतं आणि फळाचं वजनही पेलतं. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची मुळं तरी आखडायला नकोत.

एक मात्र धरूनच चाला : हे भरण खाली बसणार. एका पावसाळ्यात माती वीतभर उतरते. उभ्या झाडाच्या बुंध्याशी माती चढवू नका. पीक निघालं की ड्रम उपसा, तळाशी जे काळं, भुसभुशीत झालंय ते वरच्या मातीत मिसळा आणि खाली नव्या पऱ्हाट्या, नवी सोपटं घाला.