कुठला खंड कापायचा

आज दिवसभर पॉडकास्टची छाटणी. औशाकडच्या एका आजोबांशी किल्लारीच्या भूकंपावर बोललो होतो, त्याचं रेकॉर्डिंग.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रंकेट सायलेन्स' नावाचा इफेक्ट आहे. आवाज ठरवलेल्या पातळीच्या खाली ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिला की तो त्याला शांतता समजून छाटतो. पण लातूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणायची हिंमत कोणाची? त्या घरघरीमुळं पातळी उणे 60 डेसिबलला ठेवली तर त्याला शांतता सापडतच नाही. उणे 20 ला आणलं तर आजोबांच्या वाक्यांच्या शेपट्या उडायल्या. शेवटचं 'बघा' आपल्याकडं हळूच म्हणतात ना. उणे 38 ला जमलं. शांततेचे मोठे खंड अर्ध्या सेकंदावर आणले. दोघांचे ट्रॅक एकत्रच कापले, नाहीतर उत्तर आधी अन् प्रश्न मागून!

मग आली 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक नुकतेच झोपलेले. एवढं सांगून आजोबा थांबले ते थांबलेच. तेवढा तुकडा निवडीतून वगळला, आहे तसा ठेवला. मित्र म्हणतो, एवढ्या वेळात लोक भाग बंद करून टाकतील.

करू द्या की.