पाच सायकली, सुरूरचा फाटा आणि एक हिशेब

गेल्या अकरा वर्षांत माझ्या घरातील सायकलींची संख्या एकावरून पाचावर गेली आणि दोन वर्षांपूर्वी ती पुन्हा तीनवर आली. या चढउतारात माझे पैसे गेले, गॅलरीतील जागा गेली आणि एक ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, अर्धवट सोडावी लागली. सायकल मनापासून चालवणाऱ्या माणसाला खरोखर किती सायकली लागतात, या प्रश्नाचे उत्तर मला त्यातून मिळाले, आणि नव्याने या छंदाकडे वळलेल्या मित्रांसाठी ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते.

जगभरातील सायकलस्वारांमध्ये एक सूत्र प्रचलित आहे. सध्या जितक्या सायकली आहेत त्यापेक्षा एक जास्त, ही योग्य संख्या होय. बहुतेक जण ते हसत सांगतात. मी ते काही वर्षे मनापासून पाळले, कारण त्यामागे एक खरी गोष्ट आहे: एकच सायकल सगळी कामे करू शकत नाही.

माझ्या वडिलांची काळी, चोवीस इंची, कॅरिअर आणि डायनॅमो असलेली सायकल डोळ्यांसमोर आणा. त्या काळी पुण्यातल्या असंख्य घरांत अशी एक सायकल असे आणि घरातला प्रत्येक जण तीच वापरी. मीही आधी नळीखालून पाय घालून आणि मग सीटवर बसून तिच्यावरच शिकलो. तिच्या पुढच्या चकतीला 44 दात होते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरवले की चाक सुमारे 2.4 वेळा फिरे आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाई. डेक्कन ते लक्ष्मी रस्ता या सपाट वाटेला हे प्रमाण उत्तम होते. आता तीच सायकल डोणजे ओलांडून गोळेवाडीपुढच्या सिंहगडाच्या घाटात न्या. तेथे माझ्यासारखा सामान्य ताकदीचा माणूस तीव्र चढावर ताशी 6 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 100 मीटर चढतो. वडिलांच्या सायकलवर त्यासाठी मिनिटाला फक्त 18 वेळा पायडल फिरेल, आणि प्रत्येक फेरीला सगळे वजन पायांवर उभे करावे लागेल. गुडघे हे फार काळ सहन करत नाहीत. माझ्या आजच्या सायकलला पुढे 34 आणि मागे 32 दातांची जोडी मिळते. तिच्यावर एका फेरीत सव्वादोन मीटर अंतर कापले जाते, म्हणून त्याच वेगाला मिनिटाला 44 फेऱ्या होतात. चढ तोच आणि माणूसही तोच, पण एका सायकलवर तो उतरून चालू लागतो आणि दुसरीवर माथ्यावर पोहोचतो.

त्यामुळे गरज वेगळी असेल तर सायकल वेगळी हवी, हे मला आजही मान्य आहे. नेदरलँड्समध्ये तर गरज केवळ जागेवरूनही ठरते. तेथे अनेक नोकरदार एक सायकल घराजवळच्या स्थानकावर ठेवतात आणि दुसरी कामाच्या गावातील स्थानकावर, कारण मधला प्रवास रेल्वेने होतो. उत्रेख्तच्या स्थानकाखाली 12,500 सायकलींचा तळ बांधावा लागला, तो 2019 मध्ये पूर्ण झाला. अशा माणसाच्या दोन सायकलींना कोणी हौस म्हणणार नाही.

माझी चूक निराळी होती. मी आपले रस्ते मोजायच्या ऐवजी दुकानातले प्रकार मोजले. पहिली हायब्रिड, म्हणजे डांबरी रस्ता आणि साधी कच्ची वाट दोन्हींना चालणारी, होती. पुढे ताम्हिणीच्या बाजूच्या कच्च्या वाटा पाहून एक माउंटन बाइक घेतली. नंतर वेगाची ओढ लागली आणि 50 मिलिमीटर खोल रिमांची, अरुंद टायरांची रेसर घरी आली. लोकलने लोणावळ्याला जाऊन तेथून पुढे फिरायचे, या विचाराने घडीची सायकल घेतली. शेवटी लांब पल्ल्यासाठी पोलादी सांगाड्याची, रुंद टायर बसणारी सायकल आली. प्रत्येक खरेदीच्या वेळी माझ्याकडे कारण होते आणि ते कारण खरेही होते. पण वहीतल्या नोंदी पाहिल्या तेव्हा दिसले की वर्षभरात माउंटन बाइक मातीच्या वाटेवर दोनदा गेली होती आणि घडीची सायकल लोकलमध्ये सहा वेळा चढली होती. ठाणे किंवा डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसासाठी घडीची सायकल ही कदाचित पहिलीच सायकल असेल. माझ्या आयुष्यात तिला रोजचे काम नव्हते.

हे सगळे लक्षात आले ते सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटापलीकडच्या सुरूरच्या फाट्याजवळ.

300 किलोमीटरची ब्रेव्हे होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे, ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे असते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास मिळतात. वाटेत ठरावीक ठिकाणी नोंद करायची आणि दोन नोंदींच्या मधल्या टप्प्यात बाहेरची मदत घ्यायची नाही. दुरुस्ती आपली आपण करायची. त्या दिवशी वेग मिळावा म्हणून मी रेसर काढली. ती तीन महिने भिंतीला टांगलेली होती. हवा भरली, चेनला तेल दिले, ब्रेक पाहिले आणि पहाटे निघालो. खंबाटकीचा चढ सुरेख झाला. उतार संपवून पुढे आलो तेव्हा मागचे टायर बसू लागले. ट्यूब वॉल्व्हच्या मुळाशीच फाटली होती आणि तेथे पॅच टिकत नाही. सीटखालच्या पिशवीत राखीव ट्यूब होती, ती काढून चढवली आणि मग लक्षात आले की वॉल्व्ह रिमच्या बाहेरच येत नाही. रिम 50 मिलिमीटर खोल आणि ट्यूबचा वॉल्व्ह 48 मिलिमीटर लांब. पिशवी दुसऱ्या सायकलची होती. घरात पाच सायकली, त्यांना तीन मापांच्या ट्यूब, दोन प्रकारचे वॉल्व्ह आणि चार पिशव्या. कोणती पिशवी कोणत्या सायकलची, हे मी पहाटेच्या घाईत पाहिले नव्हते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने आपुलकीने सगळा डबा शोधला, पण त्याच्याकडे मोटारसायकलींच्या आणि ट्रकच्या ट्यूबच असणार. मागून येणारा कोणी सायकलस्वार उरला नव्हता. दुपारी एका टेम्पोत सायकल घालून मी परत आलो.

ती ब्रेव्हे गेल्याचे दुःख मला अजूनही आहे, कारण पाय त्या दिवशी चांगले चालत होते. पुढच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे सगळ्या सायकली एकामागून एक नेल्या. चाळीस वर्षे हेच काम करणारा हा माणूस टायरच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "दादा, फिरून झिजते त्याच्यापेक्षा उभी राहून जास्त सडते." घडीच्या सायकलच्या ट्यूब पार चिकटल्या होत्या. माउंटन बाइकच्या मागच्या हबमधले ग्रीस साबणासारखे घट्ट झाले होते. एकही सायकल मोडलेली नव्हती, पण पाचांपैकी त्या क्षणी बाहेर काढून निर्धास्तपणे शंभर किलोमीटर जाता येईल अशी एकच होती.

तेव्हापासून मी संख्या वेगळ्या पद्धतीने मोजतो. प्रकार किती, यापेक्षा आपण किती सायकली सदैव निघण्याच्या तयारीत ठेवू शकतो हे पाहावे. सज्ज ठेवणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण विकत घेताना याचा हिशेब कोणी करत नाही. टायरांतली हवा आठवड्याला पाहावी लागते. ट्यूबलेस टायर असेल तर छिद्र आपोआप बुजावे म्हणून आत भरलेले सीलंट हे द्रव काही महिन्यांत सुकते, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते अधिक लवकर सुकते. जून ते सप्टेंबर चेन दर भिजलेल्या फेरीनंतर पुसून तेल द्यावी लागते, नाहीतर दोन दिवसांत तांबूस होते. चेनची झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते: नव्या चेनची लागोपाठची चोवीस खिळींमधली अंतरे मिळून बरोबर 12 इंच भरतात, तेच माप 12 इंच आणि एक सोळांश झाले की चेन बदलावी, नाहीतर ती मागच्या महागड्या चकत्यांचे दात खाऊ लागते. शिवाय ब्रेकचे पॅड, केबली, चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे आहेच. हे सारे मन लावून केले तर माझे एका सायकलमागे महिन्याला दीड-दोन तास जातात. नोकरी, घर आणि प्रत्यक्ष सायकल चालवणे सांभाळून माझ्या हातात महिन्याला पाच-सहा तास उरतात. तीन ही संख्या मला प्रथम या भागाकारातून मिळाली, आणि ज्याचे तास कमी असतील त्याने एकच ठेवावी, असे मी खात्रीने सांगतो.

मग वेगवेगळ्या गरजांचे काय? येथे गेल्या पंधरा वर्षांतील एका बदलाने मोठी सोय केली आहे. 2010 च्या सुमारास शर्यतीच्या सायकलला 23 मिलिमीटर रुंदीचे टायर हा रिवाज होता आणि ब्रेकच्या चिमट्यात त्याहून फार रुंद टायर मावतही नसे. आज व्यावसायिक शर्यतीतही 28 मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात. 1 जुलै 2018 पासून रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला रीतसर परवानगी मिळाली आणि सांगाड्यांत रुंद टायरांना जागा ठेवणे सोपे झाले, कारण डिस्क ब्रेकला रिमच्या मापाशी काही कर्तव्य नसते. त्यामुळे एका सांगाड्याला दोन चाकजोड्या वापरता येतात, आणि येथे एक मोठा सुंदर योग जुळून आला आहे. नेहमीच्या 700 सी चाकाच्या रिमचा व्यास, जेथे टायर बसते तेथे, 622 मिलिमीटर असतो. 28 चे टायर दोन्ही बाजूंनी धरले तर बाहेरचा व्यास 678 होतो. त्याहून लहान 650 बी रिमचा व्यास 584. त्यावर 47 मिलिमीटरचे जाड टायर चढवले की बाहेरचा व्यास पुन्हा 678 च भरतो. म्हणजे शनिवारी सातारा रस्त्यावर गुळगुळीत चाके आणि रविवारी मुळशीच्या मागच्या खडबडीत वाटांवर जाड चाके लावली, तरी सायकलची उंची, वळण्याची पद्धत आणि गिअरांचे गणित तसेच राहते. फक्त दोन्ही जोड्यांच्या डिस्क आणि चकत्या एकसारख्या बसवून घ्याव्यात, म्हणजे चाक बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

हा विचार तसा जुनाच आहे. टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत व्यावसायिकांना डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी गिअरची यंत्रणा, वापरू देत नसत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या दातांची चकती असे, आणि घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरून चाक काढून उलटे बसवत. आल्प्स आणि पिरेनीज त्यांनी एकाच सायकलवर असे पार केले. उलट 1972 मध्ये बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर गेला, तेव्हा त्या एका तासासाठी त्याने इटलीतील सायकल-कारागीर एर्नेस्तो कोल्नागोकडून खास हलकी सायकल बांधून घेतली होती. तसे काम असेल तर तशी सायकल घ्यावीच. आपल्यापैकी कोणी डेक्कन क्लिफहँगरसारखी पुणे ते गोवा ही साडेसहाशे किलोमीटरची शर्यत वेळेसाठी लढणार असेल, तर मी त्याला खोल रिमांपासून अडवणार नाही. माझी वही मात्र तसे सांगत नव्हती.

रेसर आणि घडीची सायकल मी विकली. रेसर एका तरुण मुलाने नेली. तो दर रविवारी तिच्यावर कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे जातो, आणि ती चालत राहिली याचे मला फार समाधान आहे. लांब पल्ल्याची पोलादी सायकल दोन चाकजोड्यांसह राहिली. तिची पिशवी आता तिच्या सीटलाच कायमची बांधलेली आहे, आणि पुढच्या वर्षी तीच 300 मी तिच्यावर अठरा तासांत पुरी केली. दुसरी जुनी हायब्रिड. तिला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि जाड कुलूप लावले आहे. भाजी, बँक, कार्यालय ही सगळी कामे तिची, आणि किलोमीटर मोजले तर तिघींत तीच पुढे आहे. छंदाच्या गप्पांत या सायकलला कोणी मान देत नाही, याचे मला वाईट वाटते. ज्याच्याकडे चार महागड्या सायकली आहेत पण दळण आणायला स्कूटर काढावी लागते, त्याच्याकडे मला तरी एक सायकल कमीच दिसते.

तिसरी म्हणजे ती माउंटन बाइक. तिचा सांगाडा लहान आहे, चाके 26 इंची आहेत आणि सीट सहज वरखाली होते. जाड खाचांची टायरे काढून दीड इंची गुळगुळीत टायरे बसवली. ती माझ्यासाठी नाही. मी अनेक वर्षे एकट्याने फिरलो. कोणी "एकदा येऊ का तुमच्याबरोबर?" असे विचारले की माझी मोठी, वाकून चालवायची सायकल त्यांना देता येत नसे आणि ती गोष्ट तेथेच संपत असे. ही सायकल सज्ज ठेवल्यापासून पत्नी रविवारी पाषाण तलावापर्यंत येते, वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका दोनदा खडकवासल्याला आले, शेजारची मुलगी परीक्षा संपल्यावर महिनाभर तीच चालवत होती आणि तिने नंतर स्वतःची घेतली. प्रत्येक वेळी सीटची उंची शोधत बसावे लागू नये म्हणून सीटच्या दांड्यावर मी रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत. सर्वांत खालची हिरवी काकांची, मधली लाल पत्नीची, आणि तिच्या वर बोटभर अंतरावर पिवळी, ती मुलीची, अजून काढलेली नाही. गेल्या रविवारी भाचा आला होता, अकरा वर्षांचा. त्याच्यासाठी सीट अगदी तळाला बसवली आणि तेथे निळी पट्टी लावली.